घळ आधी भरते

शिंदखेड्याच्या शाळेत मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवते. एवढ्या वर्षांत खडूने किती समुद्र काढले असतील, देव जाणे. आधी उभा समुद्रकडा, मग त्याच्या पायथ्याशी तरंगघर्षित मंच, एक गुहा, एक कमान, आणि शेवटी वेळ उरला तर लाटा. यंदा सहामाहीच्या आधी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पाहिलाय का असा कडा?"

"हो, पाहिलाय ना," म्हणाले आणि फळा पुसायला वळले.

मी पाहिलेला समुद्र मुंबईचा. कठड्याच्या अलीकडून, हातात भेळेचा कागद धरून. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी नकाशा उघडला आणि गुहागरपासून खाली रत्नागिरीपर्यंत बोट फिरवलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचंच, असं ठरवून टाकलं.

आमचे हे दीपनगरला वीज केंद्रात आहेत. दिवाळीत त्यांची पाळी लागलेली. मग मी अक्काला फोन केला. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. रावेर तालुक्यात त्यांची केळीची बाग आहे. आमची आई लवकर गेली. माझ्या वेण्या, माझी शाळा, माझं बाळंतपण, सगळं अक्कानेच केलं. तिचा जन्म तापीच्या काठी गेला, पण भुसावळच्या पलीकडे ती मोजून चार वेळा गेली असेल.

"समुद्र पाहाले येशी का?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझी माहेरची बोली आपोआप येते.

ती म्हणाली, "किती दिवस लागतीन? नानाले भाकरी कोन टाकीन?" नाना म्हणजे माझे मेव्हणे. आणि लगेच स्वतःच, "टाकीन सून. येते."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. अक्का आदल्या संध्याकाळच्या गाडीने शिंदखेड्याला आलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, लाल मिरचीचा ठेचा, केळीचे वेफर आणि चटईचा गुंडाळा. "चटई कशाला गं?" तर म्हणे, "तठी बसाले काय असीन काय नही."

पहिला दिवस. पहाटे पाचला गाडी काढली. धुळे, मालेगाव, नाशिक, मग सिन्नरवरून पुण्याकडे. सगळा रस्ता चौपदरी आणि उत्तम. वेळ खातं ते फक्त पुणे. म्हणून शक्यतो दुपारी दोनच्या आत पुणं ओलांडा. संध्याकाळी सहाला साताऱ्याच्या अलीकडे मुक्काम केला. सव्वापाचशे किलोमीटर एकटीने गाडी चालवली याचा मला फार अभिमान वाटत होता, हे इथेच कबूल करते. पुढचं सगळं समजायला त्याचा उपयोग होईल.

दुसरा दिवस. उंब्रजहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. घाटात वळणं तीव्र आहेत, पण रस्ता बरा. उतरता उतरता हवा बदलते, काच खाली केली की अंगाला चिकट दमटपणा लागतो. मातीही काळीची लाल होते. चिपळूणच्या पुढे एका घराच्या परसात केळी दिसल्या आणि अक्काने गाडी थांबवायला लावली.

"हे केयी कोनं लावली वं? दोन झाडांमंधी हातभर बी जागा नही." ती उतरून कुंपणापाशी गेली, पान चाचपून पाहिलं आणि घरातल्या म्हाताऱ्या आजींना बुंध्याशी फुटणारी पिल्लं कशी आणि कधी कापायची ते समजावून आली. आजींना तिची बोली कितपत कळली माहीत नाही. पण निघताना त्यांनी आम्हाला दोन शहाळी दिली.

गुहागरला एका घरगुती मुक्कामात उतरलो. दोघींचे राहण्याचे अठराशे, शाकाहारी जेवण दोनशे रुपये ताट. आम्ही दोघी मासे खात नाही, म्हणून आधीच फोन करून सांगितलं होतं. तुम्हीही सांगा, ऐन वेळी पंचाईत होते. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. अक्काला सोलकढीचा रंग आवडला, चव नाही.

संध्याकाळी तिने समुद्र पाहिला. सुरूच्या बनातून बाहेर आल्यावर ती थांबली, चप्पल काढून हातात घेतली आणि पाण्यापासून वीस पावलांवर उभी राहिली. मी मनात काहीतरी मोठं वाक्य ऐकायची तयारी केली होती. ती म्हणाली, "हे थांबत नही का वं?"

"नाही."

"रातले बी?"

"रातले बी नाही."

मग मी तिला चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, भरती आणि ओहोटी हे सगळं वाळूत काडीने आकृती काढून समजावलं. तिने "हं, हं" केलं. पण नजर माझ्या आकृतीवर नव्हती, पाण्यावर होती.

तिसरा दिवस. सकाळी साडेसहाला निघालो. वेळणेश्वर, हेदवीच्या बाजूने रस्ता एकदा डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर चढतो, एकदा थेट नारळीत उतरतो. सड्यावरचं गवत या दिवसांत पिकलेल्या दादर ज्वारीसारखं पिवळं असतं, मधेमधे जांभ्याचा काळपट लाल दगड, आणि एका वळणावर अचानक खाली दोनशे फुटांवर समुद्र. तवसाळच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत चढून जयगडला उतरता येतं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पण रस्त्याचा मोठा फेरा वाचतो. अक्का सगळा वेळ गाडीत बसून राहिली, दार घट्ट धरून. बोट धक्क्याला लागल्यावर म्हणाली, "गाडी बी गाडीत बसते, हे मले पहिल्यांदा समजलं."

जयगडच्या पुढे किनाऱ्याने एक छोटं गाव आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. शाळेतल्या तिघींनी माझ्या मोबाइलवरच्या स्टेटसचा फोटो पाहून त्या जागेचं लोकेशन मागितलं, त्यांनाही दिलेलं नाही. कारण पुढे सांगते.

गावाच्या खाली एक काळा कडा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी ओहोटीला उघडा पडणारा खडकांचा सपाट ओटा. माझा तरंगघर्षित मंच! फळ्यावर शेकडो वेळा काढलेला. खडकांत पाण्याची डबकी, डबक्यांत इवलेसे खेकडे, आणि अगदी टोकाला समुद्रात घुसलेला एक उंच सुळका. मी वेडी झाले होते. ओहोटीची वेळ मी आधीच पाहून ठेवली होती: साडेनऊ. आम्ही दहाला खडकावर उतरलो.

वाळू आणि तो ओटा यांच्यामध्ये एक घळ होती. खडकातली लांबट भेग, सात-आठ हात रुंद, तळाशी घोट्याएवढं पाणी. तिच्यातून चालत आम्ही पलीकडे गेलो. अक्काचा गुडघा दुखत होता. म्हणून मी तिचा हात धरला होता.

खडकांवर चार-पाच बायका कालवं काढत होत्या. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले. लोखंडी आकडीने फोडून आतला मांसल गर काढतात. त्यातली एक आम्हा दोघींच्या मधल्या वयाची, पन्नाशीची असेल, कासोटा घातलेली. नंतर कळलं, तिचं नाव सुलोचना. तिने अक्काला बसायला सपाट दगड दाखवला. दोघी एकमेकींच्या बोलीत काय बोलत होत्या कोण जाणे, पण हसत होत्या.

पावणेअकराच्या सुमाराला बायकांनी टोपल्या उचलल्या. सुलोचना आमच्यापाशी आली.

"बाय, पाणी भराय लागलं. आता म्हागारी फिरा."

मी घड्याळ पाहिलं. "साडेनऊला ओहोटी होती हो. आत्ता सव्वा तास झालाय. भरती पुरी व्हायला सहा तास लागतात."

"ते खरं. पण हितं पाणी फुडनं नाय येत, मागनं येतं. ती घळ आधी भरते."

"मी भूगोल शिकवते," मी म्हणाले. आवाजात काय होतं, ते मला आजही ऐकू येतं. "एकोणीस वर्षं."

ती हसली. "शिकवा हो. पण घळ काय शाळंत नाय गेली."

बाकीच्या बायका हसल्या. मला ते लागलं. अक्का उठून उभी राहिली होती. "चाल रंजू. ते बाई म्हनते ना."

"अक्का, एक फोटो. त्या सुळक्यापाशी. एवढ्या लांब आलोय."

"मले नही काढनं फोटो."

"पाच मिनिटं."

मी तिचा हात धरून तिला टोकाकडे नेलं. सुलोचनाने मागून एकदा हाक मारली. मी वळून पाहिलं नाही.

पाच मिनिटांची वीस-पंचवीस झाली. फोटो सुंदर आले, हेही सांगून टाकते. मागे सुळका, त्यावर फुटणारी लाट, आणि हिरव्या लुगड्यातली अक्का, जरा घाबरलेली. समोरचा समुद्र होता तिथेच होता, खडकाच्या कडेपाशी, शहाण्यासारखा. मी अक्काला तेही दाखवलं: "बघ, कुठं वाढलंय?"

मग परत आलो, आणि घळ भरलेली होती.

पाणी दोन्ही टोकांनी आत येत होतं. वर फेस, मधे भोवऱ्यासारखं काहीतरी. कमरेएवढं असेल, असा मी अंदाज केला. दर मिनिटाला वाढणार, तेव्हा आत्ताच ओलांडायचं. हा हिशेबही बरोबरच होता. मी आधी उतरले, अक्का मागे. तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात. मधोमध पोचलो तेव्हा समुद्राच्या बाजूने एक लाट घळीत शिरली. मोठी नव्हती, पण अरुंद जागेत शिरताना तिची भिंत झाली. अक्काचा पाय घसरला. तिचं सगळं ओझं माझ्या हातावर आलं आणि मीही तिच्याबरोबर खेचली जाऊ लागले.

मी हात सोडला.

सुटला असं मी दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःला सांगत होते. पण सुटला नाही, सोडला. मला दोन्ही हात पाहिजे होते. समोरच्या खडकाला मी दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा अक्का पाण्यात दहा हात लांब होती. हिरवं लुगडं फुगून वर आलेलं आणि तिचं डोकं मात्र दिसत नव्हतं. वाळूवरून सुलोचना धावत येताना दिसली. डोक्यावरची टोपली तिने धावता धावताच टाकून दिली. ती सरळ पाण्यात शिरली, छातीपर्यंत, आणि अक्काचा आधी पदर, मग अंबाडा धरला. दुसरी लाट आली तेव्हा तिने खडकाला पाय रोवला आणि अक्काला पोटाशी धरून तशीच उभी राहिली. लाट गेली. मग गावातले दोन पुरुष आले आणि त्यांनी दोघींना ओढून काढलं. मला कोणी काढलं नाही. माझ्या पायाखाली तोवर वाळू लागली होती.

अक्काने पाणी ओकलं. "रंजू कुठी हाये?" हे तिचं पहिलं वाक्य. मी तिच्या डोक्याशीच बसले होते.

त्यांनी आम्हाला घरी नेलं. सुलोचनाचं घर कड्याच्या वरच, जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढे सारवलेलं अंगण. तिची सासू अक्काला कपडे बदलायला आत घेऊन गेली. सुलोचना ओट्यावर बसली. खडकावर रोवलेल्या तिच्या तळव्यात कालवांच्या धारेने लांब काप गेला होता. तिचा दीर हळद आणि फडकं घेऊन आला. शांत माणूस, होडीवर जाणारा. त्याने जखम दाबून धरली आणि मला विचारलं,

"तुम्हाला कोणी सांगितलं नाय, की इकडं पाणी मागनं भरतं?"

आठ-दहा माणसं अंगणात जमली होती. माझे केस गळत होते. मला थंडी वाजत होती, आणि आत कुठेतरी एकोणीस वर्षं शिकवणारी बाई अजून ताठ बसलेली होती.

"नाही हो," मी म्हणाले. "कोणीच काही बोललं नाही."

सुलोचनाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती पायाकडे पाहू लागली.

दीर तिच्याकडे वळला. "वैनी, तू तर तिथंच होतीस. पाव्हणे दिसले की सांगायचं, ठरलंय ना आपलं?"

ती म्हणाली, "ध्यानात नाय आलं."

मी अजूनही बोलू शकले असते. तिथे, त्या क्षणी. एक वाक्य. पण चहा आला. आणि चहा घेताना मी, यावर विश्वास ठेवा, त्या लोकांना भरती-ओहोटी समजावून सांगितली. पावणेदोन तासांत एवढं पाणी चढायला नको होतं, असं म्हणाले. अमावास्या नुकतीच झाल्यामुळे उधाणाचा जोर असावा, असं म्हणाले. ते सगळे ऐकत होते. मला वाटलं, त्यांना पटतंय.

अक्का सुलोचनाचं जांभळं लुगडं नेसून बाहेर आली. ती सुलोचनापाशी बसली, तिचा पाय मांडीवर घेऊन बघत राहिली. मग आम्ही निघालो.

मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. आरे-वारेचा रस्ता म्हणे महाराष्ट्रातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक आहे. असेल. मी स्टिअरिंग पाहत होते आणि अक्का खिडकीबाहेर. मला वाटलं, घाबरली आहे. रत्नागिरीत खोली घेतली. अक्काने नळाखाली ते जांभळं लुगडं धुतलं, पिळलं, वाळत टाकलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली,

"तिनं सांगलं व्हतं."

"अक्का, त्या वेळी मला काही सुचत नव्हतं गं."

"दोनदा सांगलं. हाक बी मारली."

मी रडले. ती चटई पसरून त्यावर झोपली. पलंगावर आली नाही.

चौथा दिवस. ठरवल्याप्रमाणे पूर्णगड, आंबोळगड करत खाली जायचं होतं. अक्का सकाळी आंघोळ करून, वाळलेल्या लुगड्याची घडी मांडीवर घेऊन गाडीत बसली. "हे लुगडं द्याले जा लागीन." एवढंच.

गाडी उत्तरेला वळवली. चाळीसेक किलोमीटर आहे, पण वळणावळणाचा रस्ता, दीड तास लागतो. त्या दीड तासात मी बरीच वाक्यं तयार केली. त्यातल्या निम्म्या वाक्यांत "गैरसमज" हा शब्द होता.

अंगणात दीर जाळं दुरुस्त करत होता. अक्का लुगडं घेऊन सरळ आत गेली. मी त्याच्यासमोर उभी राहिले. तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"काल मी खोटं बोलले," मी म्हणाले. "वहिनींनी मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

त्याने मान हलवली. हातातलं काम थांबवलं नाही. "ठावं आहे."

"वहिनी बोलल्या?"

"ती नाय बोलायची. तुमच्या बहिणीनं सांगितलं. आत लुगडं नेसताना, आईला. आईनं चहा आणताना हळूच आम्हाला सांगितलं."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे… काल? चहाच्या आधी?"

"हां."

"मग मी जे बोलत होते… भरतीचं वगैरे…"

"तुम्ही पाव्हण्या," तो म्हणाला. "मरता मरता वाचलेल्या. काय बोलणार?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते आठ-दहा लोक, त्यांच्या होड्या, त्यांची आयुष्यं त्या पाण्यावर गेलेली. त्यांना सगळं माहीत असताना त्यांनी माझा तास ऐकून घेतला होता. कप रिकामा झाल्यावर पुन्हा चहा विचारला होता.

सुलोचना मागच्या पडवीत होती. पायाला सात टाके पडले होते. दिराने संध्याकाळी दवाखान्यात नेलं होतं. माझी गाडी दारात उभी असताना मी "चला, मी नेते" म्हणाले नव्हते, हेही मला तेव्हा उमगलं. टाके निघेपर्यंत खडकावर जायचं नाही, आणि कालवांचे हेच दिवस.

मी तिच्यासमोर खाली बसले, माफी मागितली. ती सुपारी कातरत होती.

"तुम्ही माझ्यावर ढकललंत त्याचं जाऊ दे," ती म्हणाली. "चार माणसांत बाईमाणसाची लाज काढू नये, म्हणून गप बसले. पण एक इचारते. घळीत बहिणीचा हात सुटला, का सोडलात?"

ती वाळूवरून धावत येत होती. तिने पाहिलं होतं.

आतून अक्काचा आणि सासूचा बोलण्याचा आवाज येत होता. केळीचं काहीतरी चाललं होतं.

"सोडला," मी म्हणाले.

"मंग ते मला नका सांगू. तिला सांगा."

निघताना तिने अक्काला आमसुलं दिली आणि गेटपर्यंत लंगडत आली. मला "सांभाळून जा" म्हणाली. अक्काला मिठी मारली.

परतीचे दोन दिवस. पुढचा किनारा पाहिला नाही. आंबा घाटाने कोल्हापूर, तिथून हमरस्त्याने पुण्यापुढे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी थेट रावेर. चिपळूणच्या घाटापेक्षा हा रस्ता लांब पडतो. पण मला लांबचाच रस्ता पाहिजे होता. वाटेत सांगता येईल, असं वाटत होतं. अक्का आता पुन्हा बोलत होती, उसाचे मळे पाहून भाव विचारत होती. मला दर दहा किलोमीटरला वाटायचं, आता सांगू. मग टोलनाका यायचा, नाहीतर तिला डुलकी लागायची.

रावेरला पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. नाना ओट्यावर, सून, शेजारच्या दोघी-तिघी, सगळे जमले. अक्काने सगळं सांगितलं: फेरीबोट, सोलकढी, खडक, पाणी. बुडाल्याचंही सांगितलं. नाना एकदम ताठ झाले.

"अन् रंजू कुठी व्हती?"

"मह्या जवयच व्हती," अक्का म्हणाली. "तिनं हात धरेल व्हता. सोडला नही तिनं. पान्यानंच वढलं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. नाना, ज्यांनी मला शाळेत सोडायला सायकल चालवली, त्यांनी मला हात जोडले. आणि मी, दोन दिवसांपूर्वी एका पडवीत खरं बोललेली बाई, पुन्हा गप्प बसले.

अक्काला खरंच तसं वाटत होतं, की ती मला झाकत होती? मला माहीत नाही. जी बाई परक्या घरात लुगडं नेसता नेसता खरं सांगून मोकळी होते, ती आपल्या घरात खोटं बोलेल का? बहिणीसाठी बोलेलही. रात्रीची गाडी चालवत शिंदखेड्याला जाण्याची ताकद नव्हती, म्हणून तिथेच झोपले. सकाळी न सांगता निघाले.

प्रवास करून आलं की काय उरलं, ते लिहायची या ब्लॉगवर माझी पद्धत आहे. तर, ज्यांना त्या किनाऱ्याला जायचंय त्यांनी जरूर जावं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. घाट दिवसा उतरा. मुक्काम आधी ठरवा. आणि खडकावर उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, कोणती जागा आधी भरते. तुमच्या मोबाइलवर समुद्राची वेळ असते, पण त्या घळीची वेळ नसते. त्या माणसाने फिरा म्हटलं की फिरा. त्या सुळक्यापुढचा अक्काचा फोटो मी काढून टाकला आहे. तो पाहून कोणी त्याच खडकावर जाऊ नये, म्हणून गावाचं नावही लिहिलेलं नाही.

आणि हे लिहून टाकण्याआधी मी मागच्या महिन्यात रावेरला जाऊन आले. ब्लॉगवर जगाला सांगायचं आणि अक्काला सुनेकडून वाचून घ्यावं लागायचं, हे बरोबर नव्हतं. ती बागेत होती, घडांना दांड्यांचा टेकू देत. मी तिच्यामागे उभी राहून सांगितलं. हात सोडला, दोन्ही हातांनी खडक धरला, डोळे मिटले. आडपडदा न ठेवता सगळं.

तिने टेकू नीट बसवला. पुढच्या झाडापाशी गेली. तिथलाही बसवला. मी वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. "जाऊ दे वं" म्हणाली असती तर मी बहुधा रडले असते आणि ते सोपं झालं असतं. तिसऱ्या झाडापाशी तिने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "ऊन होऊ राह्यलं. घरी जाय."

मी रावेरहून निघते तेव्हा अक्का नेहमी रस्त्यापर्यंत येते आणि स्वतःच्या हाताने केळीची फणी मागच्या सीटवर ठेवते. त्या दिवशी फणी सुनेने आणून दिली. "मावशी, अक्का म्हने, अजून दोन दिवसांनी पिकतीन," ती म्हणाली.

पिकली. मी खाल्ली.

पूर्वी दर रविवारी अक्काचा फोन यायचा. आता मी करते. पहिल्या रविवारी तिने तीनदा वाजू दिला. पण उचलला. थंडी, केळीचे भाव, नानांचं गुडघ्याचं औषध, एवढंच बोललो. मी ठेवते म्हटलं तर म्हणाली, "थांब," आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मीही नाही. तिकडून फक्त विहिरीवरच्या मोटारीचं पाणी पाटात पडण्याचा आवाज येत होता, आणि आम्ही दोघी तो ऐकत होतो.